निऑन शहरातला रोबो आणि रुपयातले ९६ पैसे

रविवारी घणसोलीला भावाकडे जेवायला गेले होते. जेवणं झाली, वहिनी ओटा आवरायला लागली आणि भाचा मोबाइल घेऊन शेजारी येऊन बसला. "आत्या, तू स्टॅटिस्टिक्स शिकवतेस ना? मग हा गेम चांगला आहे की नाही, एवढंच सांग."

पडद्यावर जांभळ्या-निळ्या उजेडातलं शहर होतं. उंच इमारतींच्या मधून गाड्या उडत होत्या. मधोमध पाच उभे पट्टे आणि त्यांवर रोबो, ग्रह, चिप, रॉकेट अशी चित्रं. बटण दाबलं की पट्टे गरगर फिरायचे, एकेक करून थांबायचे, आणि एक यांत्रिक बाईचा आवाज 'एनर्जी चार्ज होतेय' म्हणायचा. हा ऑनलाइन स्लॉट. भाचा चोवीस वर्षांचा, ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरीला, महिन्यातले पंधरा दिवस नाइट शिफ्ट. लिंक त्याला कुठल्याशा ग्रुपवर मिळालेली.

मी त्याला 'असलं काही खेळू नकोस' म्हणू शकले असते. पण त्याने प्रश्न माझ्या विषयातला विचारला होता, आणि वर्गात असा प्रश्न आला तर मी उत्तर टाळत नाही. वही घेतली. संध्याकाळपर्यंत आम्ही तो खेळ उलटापालटा करून पाहिला. पैसे न लावता, खोट्या पॉइंटांवर चालणाऱ्या डेमोमध्ये. त्या दुपारी जे त्याला सांगितलं तेच इथे लिहिते, कारण ठाणे-वाशी लोकलमध्ये असे फिरणारे पट्टे मला आता रोज दिसतात आणि खेळणाऱ्यांत माझ्या माजी विद्यार्थ्यांच्या वयाची मुलं असतात.

सगळ्यात आधी पट्ट्यांचं. ते फिरतात आणि मग काय यायचं ते ठरतं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. सर्व्हरवर एक प्रोग्रॅम अखंड यादृच्छिक आकडे काढत असतो. तुम्ही बटण दाबलंत त्या क्षणी जो आकडा हाती आला, त्यावर निकाल लागून गेलेला असतो. त्यानंतरची दोन-तीन सेकंदं पट्टे फिरतात तो फक्त देखावा. मुंबईत मटक्याच्या सुरुवातीच्या काळात न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावर आकडा लावायचे, पुढे मडक्यातून चिठ्ठी किंवा पत्ता काढायला लागले. तो निदान कुणीतरी हाताने, लोकांसमोर काढायचा. इथे चिठ्ठी आधीच निघालेली असते, आपल्याला दिसतं ते नुसतं मडकं हलवणं.

आणि प्रत्येक वेळी मडक्यात सगळ्या चिठ्ठ्या परत टाकलेल्या असतात. मागचे पन्नास स्पिन कोरडे गेले म्हणून एक्कावन्नाव्याची शक्यता रतीभरही वाढत नाही. "इतका वेळ आलं नाही म्हणजे आता येणारच," असं भाचा दोनदा म्हणाला. नाणं सलग सात वेळा छापा पडलं तर आठव्यांदा काटा पडणारच, असं बारावीची मुलंही मला दरवर्षी सांगतात. नाण्याला आठवण नसते, तशी त्या प्रोग्रॅमलाही नसते.

आता आकडे. खऱ्या खेळाचं आतलं कोष्टक आपल्याला दिसत नाही, म्हणून मी वहीत आमचा स्वतःचा एक स्लॉट तयार केला. तीन पट्टे, प्रत्येकावर दहा जागा. एका जागेवर रॉकेट, दोनांवर ग्रह, तिनांवर रोबो, चारांवर तारे. दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे एक हजार जुळण्या होतात. त्यांतली तीन रॉकेटं एकदाच येतात, तीन ग्रह आठ वेळा, तीन रोबो सत्तावीस वेळा, तीन तारे चौसष्ट वेळा. एकूण शंभर. म्हणजे दहा स्पिनमागे सरासरी एकदा काहीतरी लागतं.

बक्षिसं अशी ठेवली: एक रुपया लावला तर रॉकेटला २०० रुपये, ग्रहांना २८, रोबोंना ८, ताऱ्यांना ५. हजारच्या हजार जुळण्या एकेकदा आल्या असं धरा. आपले हजार रुपये गेले. परत आले २०० अधिक २२४ अधिक २१६ अधिक ३२०, म्हणजे ९६०. रुपयामागे ९६ पैसे. स्लॉटच्या माहितीच्या पानावर 'आरटीपी ९६ टक्के' लिहिलेलं असतं ते हेच, खेळाडूला परत मिळणारा हिस्सा. उरलेले चार पैसे चालवणाऱ्याचे. त्यासाठी त्याला कसलीही लबाडी करावी लागत नाही, ते चार पैसे बक्षिसांच्या कोष्टकातच बसवलेले असतात.

भाच्याचा चेहरा उजळला. "म्हणजे हजार टाकले तर ९६० तरी परत मिळतात की!"

इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. ९६ टक्के हे तुम्ही खात्यात भरलेल्या पैशांवर नसतात, तुम्ही लावलेल्या एकूण पैशांवर असतात. हजार रुपये एकदा फिरवले की सरासरी ९६० होतात. पण तिथे कुणी थांबत नाही, तेच ९६० पुन्हा फिरवतो. मग ९२१, मग ८८४. अशा दहा फेऱ्या झाल्या की ६६५ उरतात, पंचवीस झाल्या की ३६०. प्रत्येक फेरीत चारच टक्के जातात म्हणून जाणवत नाही. आमच्या ठाण्याच्या घरी बाथरूमचा नळ ठिबकायचा. बादली लगेच भरायची नाही, पण सकाळी उठून बघावं तर काठोकाठ.

म्हणून मी त्याला वेळाचा हिशोब करायला सांगितलं. साधारण सहा सेकंदाला एक स्पिन धरा, तासाला सहाशे. दहा रुपयांचा स्पिन असेल तर तासाभरात सहा हजार रुपये लावले जातात आणि चार टक्क्यांनी सरासरी २४० रुपये जातात. हा त्या करमणुकीचा ताशी भाव. 'टर्बो' चालू करून अडीच सेकंदांवर आलात तर तासाला १,४४० स्पिन, आणि भाव ५७६ रुपये. खेळ तोच, टक्के तेच, फक्त बोट भरभर चाललं. कुठल्याही स्लॉटची पारख करताना मी आता हा ताशी भाव पहिल्यांदा काढेन, ग्राफिक्स नंतर बघेन. ब्रिटनच्या जुगार आयोगाने ऑक्टोबर २०२१ पासून ऑनलाइन स्लॉटचा एक स्पिन किमान अडीच सेकंदांचा असला पाहिजे असा नियम केला आणि आपोआप खेळत राहणारं 'ऑटोप्ले' बंद केलं. वेग ही किती महत्त्वाची गोष्ट आहे, ते त्यावरून कळतं.

पण सरासरी पुरेशी नाही. दोन गावांत वर्षभरात सारखाच पाऊस पडतो. एका गावात जून ते सप्टेंबर संततधार, दुसऱ्या गावात चार महिने ढग नुसते दाटून येतात आणि एके दिवशी ढगफुटी. बेरीज एकच, पण शेतकऱ्याला विचारा. स्लॉटमध्ये याला व्होलॅटिलिटी म्हणतात, म्हणजे चढउतार किती. वहीतल्या खेळाची बक्षिसं मी बदलली. रॉकेटला ५६०, ग्रहांना १०, ताऱ्यांना ५, रोबोंना शून्य. बेरीज करून बघा, पुन्हा ९६०. माहितीच्या पानावर पुन्हा ९६ टक्केच छापले जातील. पण पहिल्या खेळात रॉकेट सोडून रुपयाला ७६ पैसे परत येत होते, या दुसऱ्यात ४०. आणि रॉकेट हजारात एकदा. शंभर जणांनी प्रत्येकी हजार स्पिन मारले तर साधारण ३७ जणांना तीन रॉकेटं एकदाही दिसणार नाहीत. त्या ३७ जणांसाठी हा खेळ ९६ टक्क्यांचा नव्हताच, चाळिसाचा होता. जाहिरातीत मात्र रॉकेट लागलेल्याचाच स्क्रीनशॉट येतो.

अंतराळ आणि भविष्यकाळ या विषयावरच्या दोन नावाजलेल्या खेळांत हा फरक दिसतो. स्वीडनच्या नेटएंट कंपनीचा 'स्टारबर्स्ट' २०१२ चा. पाच पट्टे, तीन ओळी, दहा रेषा (ज्यांवर सारखी चित्रं जुळली की बक्षीस मिळतं त्या), मूळ आरटीपी ९६.०९ टक्के. लहान लहान बक्षिसं वरचेवर येतात, म्हणजे संततधार. प्ले'न गो या स्वीडिश कंपनीचा 'रिअ‍ॅक्टून्झ' २०१७ चा, सात बाय सात चौकटींत गोंडस परग्रहवासी. मूळ आरटीपी ९६.५१, पण स्वभाव ढगफुटीचा. टक्के बघितले तर दोघांत अर्ध्या टक्क्याचाही फरक नाही, आणि तरी तासभर खेळल्यावर हाती येणारा अनुभव अगदी वेगळा. 'मूळ' हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. बरेच निर्माते एकच खेळ वेगवेगळ्या आरटीपीत तयार करून देतात आणि कुठला लावायचा ते साइट चालवणारा ठरवतो. चित्रं, आवाज, नाव सगळं तेच. त्यामुळे दुसरीकडे वाचलेला आकडा तुमच्या पडद्यावरच्या खेळाचा असेलच असं नाही.

मग आम्ही मोजायला बसलो. दहा पॉइंटांचा एक असे दोनशे स्पिन. तो बटण दाबायचा आणि मी वहीत चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी असं मोजत होते. तीन रकाने केले होते: दिवे लागले, आणि त्यात दहापेक्षा कमी मिळाले की जास्त. दोनशेपैकी ५८ वेळा पडदा झगमगला, संगीत वाजलं, रोबोने हात वर केले. त्या ५८ पैकी ३६ वेळा मिळालेली रक्कम दहापेक्षा कमी होती. एकदा तर 'बिग एनर्जी!' असं म्हणत तीन पॉइंट दिले. दहा लावले, तीन मिळाले, सात गेले, आणि वर अभिनंदन. तीन वेळा बरोबर दहा आले. नफा म्हणावा असे स्पिन एकोणीस.

भाचा वहीकडे बघत राहिला. "मला वाटलं होतं, दर तिसऱ्या-चौथ्या वेळी मी जिंकतोय."

त्याला तसं वाटावं म्हणूनच ते दिवे लावलेले आहेत. एका स्पिनमध्ये वीस-पंचवीस रेषांवर पैसे विभागून लावले की कुठल्या तरी रेषेवर वरचेवर काहीतरी लागतं, आणि तेवढाच तुकडा उजेडात दाखवतात. यावर कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात अभ्यास झालाय. अशा 'जिंकण्याच्या वेशातल्या हरण्याला' खेळणाऱ्याचं शरीर खऱ्या जिंकण्यासारखीच दाद देतं, असं त्यांना आढळलं. ब्रिटनच्या त्याच २०२१ च्या नियमांत लावलेल्या रकमेइतकं किंवा त्याहून कमी परत आलं असेल तर जल्लोषाचे आवाज आणि चित्रं दाखवायला मनाई केली.

'थोडक्यात हुकलं' याचंही तसंच. पहिल्या दोन पट्ट्यांवर रॉकेट आणि तिसरा पट्टा फिरतोय, श्वास रोखला जातो. माझ्या वहीतल्या खेळात पहिली दोन रॉकेटं येऊन तिसरं न येणं हे तिन्ही येण्याच्या नऊपट वेळा घडतं, अगदी प्रामाणिक यंत्रावरही. खऱ्या खेळात हे अंतर आणखी मोठं असू शकतं, आणि त्याला एक जुना शोध कारणीभूत आहे. चार्ल्स फे यांनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बनवलेल्या 'लिबर्टी बेल' यंत्रात लोखंडी चाकं होती. चाकावर जागा दहा-वीसच मावायच्या, त्यामुळे फार दुर्मीळ आणि फार मोठं बक्षीस ठेवताच यायचं नाही. १९८४ मध्ये इंगे टेल्नेस यांना अमेरिकेत एक पेटंट मिळालं. चाक दिसायला तेच, पण आतल्या संगणकात त्याच्या जागी कितीतरी मोठं काल्पनिक चाक. समजा आत शंभर जागा आहेत आणि रॉकेट एकाच जागेवर, तर तीन रॉकेटं दहा लाखांत एकदा. पण डोळ्यांना दिसताना पट्ट्यावर दर दहा चित्रांत एक रॉकेट सरकत जातं. डोळा आणि शक्यता यांची तिथे फारकत झाली, आणि आजचे बरेच स्लॉट त्या फारकतीवर उभे आहेत.

दोनशे स्पिनमध्ये आम्हाला २,००० पैकी १,७१० परत आले. "म्हणजे साडेपंच्याऐंशी टक्के," भाचा म्हणाला, "लिहिलेत ९६, फसवतायत." मी त्याला थांबवलं, कारण इतक्यावरून काहीच सिद्ध होत नाही. माझ्या साध्या खेळातही दोनशे स्पिनला ५० टक्के दिसले काय आणि १४० दिसले काय, नवल नाही. दहा हजार स्पिन मारले तरी आकडा ८२ ते ११० च्या दरम्यान कुठेही सापडू शकतो. दहा लाख मारले तर कुठे तो साडेचौऱ्याण्णव ते साडेसत्त्याण्णवमध्ये येतो. तासाला सहाशेच्या वेगाने दहा लाख स्पिन म्हणजे रोज आठ तास बसून जवळजवळ सात महिने. म्हणून 'मी महिनाभर खेळून बघितलंय, हा गेम चांगला देतो' या वाक्याला माझ्या लेखी काही किंमत नाही, बोलणारा कितीही खरं बोलत असला तरी. हे काम जीएलआय किंवा ईकोग्रासारख्या तपासणी संस्था प्रोग्रॅम तपासून करतात, आणि तेही परवाना असलेल्या साइटसाठी. भाच्याच्या लिंकवर परवान्याचा पत्ता नव्हता. तळाशी एक चिन्ह होतं, त्यावर दाबलं तर काहीच उघडत नव्हतं. तिथला ९६ हा आकडा कुणीही लिहिलेला आहे.

त्या खेळात एक 'एनर्जी मीटर'ची पट्टीही होती, तिच्याबद्दल थोडंच. पट्टी भरत आली की आपण काहीतरी कमावत चाललोय असं वाटतं. नियम वाचले तर ती पट्टी स्पिन संपला की शून्यावर येत होती. रिअ‍ॅक्टून्झमध्येही ऊर्जा त्या एका स्पिनपुरतीच साठते. आत लिहिलेलं असतं, पण कोण वाचतो.

मग बोनस निघाला. हजार रुपये भरा, हजार बोनस मिळवा. अट: बोनसच्या तीसपट रक्कम खेळल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. मी वही त्याच्याकडे सरकवली. त्याने स्वतः लिहिलं: १,००० गुणिले ३०, ३०,०००. त्याचे चार टक्के, १,२००. हजार रुपयांचा बोनस सोडवायला सरासरी बाराशे घालवायचे. पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ काही बोलला नाही.

नंतर त्याने मोबाइलमधलं दुसरं पान उघडून दाखवलं. तेव्हा मला कळलं की दुपारपासून त्याचा प्रश्न गेमबद्दल नव्हताच. तीन वेळा मिळून साडेनऊ हजार भरले होते. खात्यावर आता १८,४०० दिसत होते. काढायला गेला तर चॅटवरच्या माणसाने लिहिलं होतं: आधी ३० टक्के टॅक्स भरा, ५,५२० रुपये, मग रक्कम सुटेल. ते भरावेत की नाही, हे त्याला ठरवायचं होतं. गेम चांगला आहे असं मी म्हटलं असतं तर रात्री त्याने भरले असते. माझ्या अंगावर काटा आला.

ऑनलाइन गेममधल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर असतो हे खरं. म्हणूनच ती थाप पटते. पण असा कर बक्षीस देणाराच कापून घेतो, द्यायच्या रकमेतून. आधी वेगळे पैसे भरा, मग तुमचे सोडतो, असं कुठलंही कायदेशीर खातं म्हणत नाही. ५,५२० भरले की पुढे 'प्रोसेसिंग फी' येते, मग 'व्हेरिफिकेशन'. पडद्यावरचे १८,४०० हेही त्या रोबोइतकेच खरे होते.

कायद्याचंही त्याला सांगितलं, कारण तो घाबरला होता. संसदेने २१ ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला, दुसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, त्यात बेकायदा ठरवले आहेत. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि पन्नास लाखांपर्यंत. नुसत्या खेळणाऱ्यासाठी त्यात शिक्षा ठेवलेली नाही. त्यामुळे तक्रार केली तर आपणच अडकू, या भीतीने गप्प बसायचं कारण नाही. आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे, आणि जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. हात थांबत नसेल, झोप उडाली असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आम्ही तिन्ही व्यवहारांचे यूटीआर नंबर, म्हणजे बँकेचे व्यवहार क्रमांक, वहीच्या मागच्या पानावर उतरवले, चॅटचे स्क्रीनशॉट काढले, आणि त्याने माझ्यासमोरच १९३० लावला. फोन चालू असताना वहिनी चहा घेऊन आली आणि काय झालं म्हणून विचारलं. मी काही बोलले नाही. फोन ठेवून तो उठला, वही हातात घेतली आणि आतल्या खोलीत बाबांकडे गेला.